तुळईचं स्वतःचं वजन

घारसर हे नाव मुलांनी ठेवलेलं होतं, आणि ते सरांना ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, मनातून आवडतही होतं. परीक्षेच्या हॉलच्या दाराशी ते उभे राहिले की कुठला हात खिशाकडे वळला, कोणाचा मोजा जरा जाडच दिसतोय, कोणाची पट्टी गरजेपेक्षा जास्त वेळा उलटी होतेय, हे त्यांना चष्म्याशिवाय दिसायचं. सव्वीस वर्षं ते बांधकामाचं शास्त्र शिकवत होते आणि त्यातली सोळा वर्षं विद्यापीठाच्या भरारी पथकाचे प्रमुख होते. शिकवण्यापेक्षा पकडण्यातच त्यांचं नाव जास्त झालं होतं, आणि यात काही उलटं घडलंय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांच्या खोलीत हिरव्या कापडाचा एक मोठा फळा होता. प्रकरण निकालात निघालं की पकडलेली चिठ्ठी ते त्या फळ्यावर टाचणीने लावायचे, खाली तारीख घालायचे. मुंगीएवढ्या अक्षरांच्या झेरॉक्स, खोडरबराच्या पोटात कोरलेली सूत्रं, पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागे लिहिलेली अख्खी प्रमेयं. दर वर्षी नव्या मुलांच्या पहिल्या तासाला दोन शिपाई तो फळा उचलून वर्गात आणायचे. सर छडीने एकेक चिठ्ठी दाखवायचे आणि म्हणायचे, "नीट बघून घ्या. यातली एकही सुटलेली नाही." मुलं टाळ्या वाजवायची, हसायची, आणि तास संपला की फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन यापेक्षा बारीक अक्षर निघतं का याची चौकशी करायची.

आता या विद्यापीठाबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, कारण सगळी बोंब तिथेच होती. वर्ग नव्वदांचा, त्यात मुलं एकशे ऐंशी. ध्वनिक्षेपक बिघडून चार वर्षं झालेली. तो दुरुस्त करावा असा अर्ज दर वर्षी जायचा आणि दर वर्षी त्यावर 'पाहिले' असा शेरा येऊन तो परत यायचा. पुस्तकाच्या सहा प्रती ग्रंथालयात होत्या, त्यातल्या दोन कुलूपबंद कपाटात. मग मुलांनी अभ्यास कशावर करायचा? तर सरांच्या नोट्सवर. घारसरांनी नोकरीला लागल्या लागल्या हाताने लिहिलेल्या त्या नोट्स, चाळीस सोडवलेली गणितं, झेरॉक्सवाला स्प्रिंग घालून विकायचा. प्रश्नपत्रिका त्याच चाळिसातून निघायची, आकडेसुद्धा तेच. सरांनी स्वतः तुळईचा हा विषय शिकवणं नऊ वर्षांपूर्वीच सोडलं होतं. पण आपल्या नोट्स अजून चालतात, याचा त्यांना फार अभिमान होता.

त्या मंगळवारी सकाळी दहाला तुळईचा पेपर होता. तुळई म्हणजे छताखालचा तो आडवा काँक्रीटचा दांडा, वरचं सगळं ओझं ज्याच्या माथी येतं तो. तो किती खोल ठेवायचा हे काढायला शिकणं, एवढाच या विषयाचा जीव. हॉल शंभरांचा होता आणि बसवलेले होते दीडशे. शेजारच्याचं बघायचं नाही म्हटलं तर डोळे मिटूनच लिहावं लागलं असतं.

साडेअकराच्या सुमाराला तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने कंपासपेटी उघडली, झाकणाच्या आत पाहिलं आणि पेटी बंद केली. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. सर मागून अलगद गेले आणि तिसऱ्या वेळी झाकण उघडलं तेव्हा त्यांचा हात आधीच तिथे होता. आत चिकटपट्टीने लावलेला बोटभर कागद.

"ऊठ," सर म्हणाले.

मुलगी उठली. उन्हाने रापलेली, खांद्याने रुंद. हजेरीपटावर तिच्या नावापुढे तिसरी खेप असल्याची खूण होती. बहुतेक मुलं अशा वेळी रडतात, पाया पडतात, आजारी आईला मध्ये आणतात. ही यातलं काहीच करीना.

"सर, आधी वाचा तरी त्यात काय आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

"वाचायचं काम समितीचं. मी पकडतो," सर म्हणाले आणि तिची उत्तरपत्रिका काखेत मारून पुढच्या रांगेकडे वळले. त्या दिवशी त्यांनी एकूण सत्तावीस जण पकडले.

दुपारी ते अहवाल भरायला बसले. अहवाल तीन प्रतींत भरायचा असतो. त्यात सातवा रकाना असा: 'चिठ्ठीतील मजकूर प्रश्नाशी संबंधित आहे काय?' एवढ्यासाठी तरी चिठ्ठी वाचणं भाग पडतं. सरांनी त्या मुलीचा कागद उजेडात धरला. त्यावर सूत्र नव्हतं, व्याख्या नव्हती, आकृती नव्हती. दोनच ओळी होत्या.

'प्र. ४ : साडेचारशे लिही. सव्वापाचशे लिहू नकोस. लिहू नकोस!!'

सरांनी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा. मग त्यांनी परीक्षेनंतर तिच्याकडून लिहून घेतलेला जबाब काढला. तिने गोल, मोकळ्या अक्षरात लिहिलं होतं: 'मला उत्तर येतं. पहिल्या वेळी मी बरोबर लिहिलं आणि नापास झाले. फेरतपासणीचा अर्ज केला, बदल नाही म्हणून परत आला. दुसऱ्या वेळी चुकीचं लिहायचं ठरवून गेले होते, पण सोडवायच्या भरात हाताने बरोबरच लिहिलं. या वेळी विसरू नये म्हणून चिठ्ठी ठेवली.'

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोळा वर्षांत त्यांनी नाना बहाणे ऐकले होते, पण असला आगाऊपणा कोणी केला नव्हता. शेऱ्याच्या जागी त्यांनी 'उद्धट' असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. चिठ्ठी सापडली की तीन वर्षं परीक्षेला बंदी, हा नियम. सुनावणी शुक्रवारी.

संध्याकाळी घरी त्यांनी ही हकिकत बायकोला गंमत म्हणून सांगितली. ती शिवणवर्ग चालवायची. जेवणाच्या टेबलावर खाकी कागद पसरून ती कुणाच्या तरी झग्याचा साचा कापत होती. तिला हसू आलं नाही.

"मग खरं उत्तर काय आहे?" तिने विचारलं.

"साडेचारशे. तुळईची खोली, मिलिमीटरमध्ये. अगं, माझंच गणित आहे ते."

"करून बघितलंत?"

"सव्वीस वर्षांपूर्वी केलं होतं की."

"मी आज बघितलंत का विचारतेय," ती म्हणाली आणि कात्री पुढे चालवू लागली.

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हिला दाखवूनच देतो म्हणून त्यांनी टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यावर किराणा सामानाची यादी उलटी केली आणि तिच्या मागे गणित मांडलं. छताचं ओझं धरलं. भिंतीचं धरलं. वर वावरणाऱ्या माणसांचं धरलं. मग, कुठल्याही शहाण्या माणसाचा हात जातो तसा, त्यांचा हात आपोआप पुढच्या ओळीवर गेला आणि त्यांनी तुळईचं स्वतःचं वजन धरलं. कारण तुळई म्हणजे काही हवा नव्हे. ती आधी स्वतःला उचलते आणि मग घराला. बेरीज केली, भागलं, वर्गमूळ काढलं. उत्तर आलं सव्वापाचशे.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा सव्वापाचशे.

मग ते उठले आणि कपाटातून आपल्या नोट्सचं मूळ बाड काढून आणलं. गणित तेविसावं. छत होतं, भिंत होती, माणसं होती. आणि त्याखाली थेट बेरीज. स्वतःच्या वजनाची ओळच नव्हती.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. नोकरीचा पहिला महिना होता. विभागप्रमुखांनी तीन विषय अंगावर टाकले होते आणि 'सोमवारी सकाळी नोट्स टेबलावर पाहिजेत' असं बजावलं होतं. रविवारी सकाळपासून बसून त्यांनी अठरा गणितं एका दमात उरकली होती. मागाहून निवांत तपासू म्हणून ठेवलं, आणि ते राहिलंच.

"चुकलंय का?" बायकोने कात्री खाली ठेवत विचारलं.

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

सरांनी बाड मिटलं. मग म्हणाले, "छत लगेच कोसळेल एवढं नाही. पण वाकेल. भेगा पडतील."

"आणि ती मुलगी?"

सरांनी किराणा यादीची घडी घालून खिशात ठेवली. त्या रात्री ते जेवले, पण काय जेवले हे त्यांना सांगता आलं नसतं.

बुधवारी सकाळी खोली उघडल्यावर सर खुर्चीत बसलेच नाहीत. ते हिरव्या फळ्यासमोर उभे राहिले आणि चष्मा लावून एकेक चिठ्ठी वाचू लागले. इतक्या वर्षांत त्यांनी त्या दाखवल्या पुष्कळ होत्या, सातव्या रकान्यापुरत्या चाळल्या होत्या, नीट वाचल्या कधीच नव्हत्या. खोडरबरात कोरलेलं साडेचारशे. बाटलीच्या लेबलामागे साडेचारशे. एका चिठ्ठीत तर त्या मुलाने चौकट करून त्याला फुलं काढली होती. सरांनी मोजलं, एकोणीस चिठ्ठ्यांत ते गणित होतं आणि एकोणिसांतही त्यांची स्वतःची चूक होती. दुसऱ्यांची लबाडी म्हणून ती त्यांनी स्वतःच्या हाताने टाचणी लावून भिंतीवर मिरवली होती. त्यांना अतिशय लाज वाटली. दार उघडं आहे की काय हे त्यांनी वळून पाहिलं.

मग ते त्या विषयाच्या बाईंना शोधायला निघाले. या बाई तासाप्रमाणे पगार घेणाऱ्या. त्यांना बसायला खोली नव्हती. जिन्याखालच्या जागेत एक टेबल होतं, तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मांडून त्या लाल पेन चालवत होत्या. उत्तरसूची समोर होती. शेवटचा आकडा जुळला की खूण, नाही जुळला की शून्य.

"मधल्या पायऱ्या बघत नाही?" सरांनी विचारलं.

"दिवसाला सत्तर पेपर आहेत, सर. सातव्या दिवशी निकाल लावायचाय," बाई उभ्या राहत म्हणाल्या. "पायऱ्या बघत बसले तर पुढच्या महिन्यात लागेल."

"बसा, बसा. तेविसावं गणित चुकलंय, माहीत आहे तुम्हाला?"

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "चार वर्षं माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"आणि बोलला नाहीत?"

"सर, माझी नेमणूक दर सहा महिन्यांनी नव्याने होते. त्या कागदावर विभागातले ज्येष्ठ म्हणून सही तुमची असते." एवढं बोलून गेल्यावर त्यांना जरा धीर आला असावा. "ती मुलगी माझ्याकडे दोनदा आली होती. मीच तिला म्हटलं, बाई गं, साडेचारशे लिही आणि सुट. उत्तरसूची काही माझ्या हातात नाही. ती चिठ्ठी तिने लिहिली असली तरी मजकूर माझाच आहे, सर. मलाही धरा."

सर तिथेच जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकले. येणारी जाणारी मुलं घारसर जिन्यावर बसलेत हे पाहून चार पायऱ्या एकदम उतरत होती. बाईंवर रागवावं असं सरांच्या फार मनात होतं. पण कुठून सुरुवात करावी हे त्यांना सुचेना, कारण कुठूनही सुरुवात केली तरी शेवट त्यांच्या स्वतःच्या सहीपाशीच येत होता.

शुक्रवारी सुनावणी होती. समितीच्या दालनाबाहेर बाकावर ती मुलगी आणि तिच्या शेजारी एक दणकट माणूस बसला होता. कपडे धुतलेले, पण नखांच्या कडांना सिमेंट तसंच राहिलेलं. कमरेला मोजमापाची टेप. सरांना पाहून तो उठला.

"नमस्कार साहेब. मी हिचा बाप. सेंट्रिंगचा मिस्त्री आहे. इमारतीचे साचे बांधतो."

"बसा, मिस्त्री."

"नाही, उभाच बरा आहे. एक विचारू का? हिने पहिल्या वर्षीच मला ते गणित दाखवलं होतं. म्हटलं, पोरी, ही तुळई फार बारीक आहे. ही स्वतःलाच धरायची नाही, घराला काय धरणार. मग हिने बसून नीट करून दाखवलं तेव्हा माझा जीव शांत झाला. आता तुम्ही म्हणता ते चूक. तुम्ही शिकलेली माणसं, तुमचंच खरं असेल. पण मग आमच्या साइटवर मी इतकी वर्षं काय बघतोय?"

"बाबा, राहू द्या ना," मुलगी पुटपुटली.

"राहू कसं देऊ? तीन वर्षं गेली तर ही माझ्यासारखीच घमेली मोजत राहील. हिला नकाशा काढायचाय." मिस्त्रीचा आवाज चढला नाही, पण टेपवरची बोटं घट्ट झाली.

सरांना तिथल्या तिथेच बोलायचं होतं, पण तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायाने त्यांना आत बोलावलं.

आत समितीचे अध्यक्ष म्हणून अधिष्ठाता बसले होते. दोन तासांत सत्तावीस प्रकरणं उरकायची होती आणि त्यांनी घड्याळ मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं होतं. सरांनी सगळं सांगितलं. मूळ बाड पुढे ठेवलं, किराणा यादीच्या मागचं गणितही ठेवलं. अधिष्ठात्यांनी दोन्ही पाहिलं. ते मूर्ख नव्हते, त्यांना एका नजरेत समजलं.

"हे बघा," ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मुलीला समज देऊन सोडून देऊ. बंदी नको, काही नको. उत्तरसूचीत पुढच्या वेळेपासून आकडा बदलून टाकू. कुणाला कळायचंही नाही. तुमची निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. आता या वयात कशाला आपल्याच नावाला काळं फासून घेता?"

खोटं कशाला बोला, सरांना क्षणभर हायसं वाटलं. मुलगी सुटत होती, तेही सुटत होते, आणि फळाही भिंतीवर तसाच राहिला असता. त्यांनी बाड आपल्याकडे ओढायला हातसुद्धा पुढे केला. तेवढ्यात दाराच्या काचेतून त्यांना बाहेरचा मिस्त्री दिसला. तो टेप काढून दालनाच्या दारावरची तुळई खालून निरखत होता, मनातल्या मनात तिची खोली मोजत असावा. आणि सरांच्या डोक्यात आलं की आपण ज्यांना साडेचारशे शिकवलं ती शेकडो मुलं आज कुठे कुठे असल्याच दारांच्या वर तुळया घालत असतील. त्यांनी हात मागे घेतला.

"नको," ते म्हणाले. "ती पुढच्या वेळी सुटेल. आधीच्या दोन वेळा ती बरोबर असून नापास झाली, त्याचं काय? तिच्यासारखे आणखी किती असतील, त्यांचं काय? आणि जे चुकीचं शिकून पास झाले त्यांना कोण सांगणार? तुम्ही मला एक कोरा अहवाल द्या."

"कसला अहवाल?"

"आपला नेहमीचाच. तीन प्रतींतला."

अधिष्ठात्यांना वाटलं, माणूस बिघडला. पण शिपायाने फॉर्म आणून दिला. सर तिथेच टेबलाच्या कडेला बसून भरू लागले. गैरप्रकार करणाऱ्याचं नाव, या रकान्यात त्यांनी आपलं नाव घातलं. जप्त केलेलं साहित्य, तेविसाव्या गणिताचं पान. सातव्या रकान्याशी ते थबकले, 'चिठ्ठीतील मजकूर प्रश्नाशी संबंधित आहे काय?' त्यांनी ठळक अक्षरात 'होय' असं लिहिलं. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'स्वतःचं वजन धरलं नाही.' आणि तिन्ही प्रतींवर सही केली.

अधिष्ठात्यांनी तिन्ही प्रती उलटून पाहिल्या. "हे दप्तरी लागलं तर मला पुढे पाठवावं लागेल," ते शेवटी म्हणाले.

"पाठवा."

"आणि ती मुलगी? चिठ्ठी तर तिने नेलीच होती."

"नेली. त्यासाठी या वेळचा पेपर रद्द करा, माझी हरकत नाही. पण तिचा पहिल्या वेळचा पेपर काढा आणि पायऱ्यांसकट तपासा. आणि बाकीच्या सव्वीस जणांना निकाल द्यायच्या आधी एकदा विचारू या तरी, का केलंस म्हणून. आपण आजवर फक्त कुठे लपवलं एवढंच विचारत आलोय."

घड्याळ टेबलावरच राहिलं आणि सुनावणी दोन तासांऐवजी दोन दिवस चालली. शेवटच्या बाकावर काही ऐकूच येत नाही, हे इतक्या मुलांनी सांगितलं की लेखनिकाने तिसऱ्यानंतर 'वरीलप्रमाणे' लिहायला सुरुवात केली. एकीने सांगितलं की पुस्तकासाठी तिचा नंबर अठ्ठेचाळिसावा होता आणि परीक्षा झाल्यावर लागला. एकाने विचारलं की दर वर्षी तीच गणितं, तेच आकडे येतात, मग त्यात समजून घ्यायचं ते काय? आणि तिघांनी सरळ सांगितलं, "आळस केला, सर." त्या तिघांवर घारसर मनापासून खूश झाले आणि तिघांनाही शिक्षा द्यायला लावली.

हे सगळं बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, "आमच्या वर्गात मापांची वही परीक्षेला टेबलावरच असते. मापं पाठ आहेत की नाहीत हे मला बघायचंच नसतं. बाही नीट बसते का ते बघते." दुसऱ्या दिवशी अधिष्ठात्यांकडे गेलेल्या पत्रात एक मागणी वाढली होती. मुलांना स्वतःच्या हाताने लिहिलेली वही परीक्षेला उघडी ठेवू द्यावी आणि गणितं दर वेळी नवी काढावीत. काढायला मी बसतो, असं त्यांनी खाली लिहिलं होतं. जिन्याखालच्या बाईंचंही नाव त्यांनी सोबत घातलं, आणि त्यांची नेमणूक सहा महिन्यांऐवजी दोन वर्षांची करावी अशी शिफारस जोडली.

मुलीचा पहिल्या वेळचा पेपर निघाला. पायऱ्यांसकट तपासल्यावर ती चांगल्या गुणांनी पास होती, दोन वर्षांपूर्वीच. तिच्यासारखे आणखी अकरा जण निघाले. दहा जणांना पत्रं पोचली. अकराव्याचं पत्र परत आलं. त्याने शिक्षण सोडून पत्ता बदलला होता. ते न उघडलेलं पाकीट सरांनी आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि त्याच्या जुन्या मित्रांकडे चौकशी चालू ठेवली.

गुणपत्रक घ्यायला मुलगी आली तेव्हा मिस्त्रीही बरोबर होता. त्याने कागद हातात धरून लांबून पाहिला, जवळून पाहिला.

"सर," मुलगी म्हणाली, "चिठ्ठी नेली ते चुकलंच माझं."

"हो, चुकलंच," सर म्हणाले. "आणि मीही चुकलो. तुझी चूक दोन ओळींची होती. माझी सव्वीस वर्षांची."

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "तुमच्या त्या दालनाच्या दारावरची तुळई मात्र बरोबर आहे. मी मोजली."

सर हसले. विद्यापीठात घारसरांना हसताना पाहिलेली माणसं फार नव्हती, त्यामुळे बाहेरून जाणारा शिपाई थांबून बघत राहिला.

नवं वर्ष सुरू झालं. तोपर्यंत सगळं काही सुधारलं होतं असं नाही. ध्वनिक्षेपकाच्या अर्जावर या खेपेला 'पाहिले'ऐवजी 'तातडीने पाहावे' असा शेरा आला होता. पुस्तकाच्या वीस प्रती मंजूर झाल्या होत्या, पण आल्या नव्हत्या. कुलूपबंद कपाटातल्या दोन मात्र बाहेर निघाल्या होत्या. वही उघडी ठेवायला परवानगी मिळाली होती, एका वर्षापुरती, एका विषयापुरती. आणि तो विषय घारसरांनी नऊ वर्षांनी पुन्हा स्वतःकडे मागून घेतला होता. वर्गाच्या दोन तुकड्या पाडल्या होत्या. एक त्यांची, एक बाईंची.

पहिल्या तासाला दोन शिपायांनी नेहमीप्रमाणे फळा आणला. वरच्या वर्गातली मुलंही खिडक्यांशी गोळा झाली होती, कारण घारसरांचं चिठ्ठ्यांचं प्रदर्शन म्हणजे विद्यापीठातली एक प्रसिद्ध गोष्ट. फळा भिंतीला टेकवला गेला आणि वर्गात कुजबूज सुरू झाली. हिरवं कापड जवळजवळ रिकामं होतं. जुन्या टाचण्यांची भोकं तेवढी दिसत होती. मधोमध एकच पिवळं पडलेलं पान लावलेलं होतं, हाताने लिहिलेलं, एका जागी लाल पेनाने वर्तुळ केलेलं. खाली तारीख होती, सव्वीस वर्षांपूर्वीची.

सरांनी छडी त्या वर्तुळावर ठेवली. "ही माझी आहे," ते म्हणाले. "एवढी एकच सुटली होती."

कोणी हसलं नाही. मग सर सांगू लागले, की या गणितात छत धरलंय, भिंत धरलीय, माणसं धरलीत आणि काय राहिलंय ते तुम्हीच शोधा. बोलताना ते पानाकडेच वळलेले होते, म्हणून आवाज मागे पोचत नव्हता.

"सर!" अगदी मागच्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. "इथे ऐकू येत नाहीये."

सगळ्या वर्गाने मागे वळून पाहिलं. घारसरांच्या तासाला मधेच बोलायचं धाडस कोणी केलेलं ऐकिवात नव्हतं. सरांनी छडी टेबलावर ठेवली. फळ्यावरचं पान त्यांनी टाचणी काढून हातात घेतलं आणि बाकांमधल्या चिंचोळ्या वाटेने ते चालत शेवटच्या बाकापर्यंत गेले.

"सरक जरा," ते तिला म्हणाले, बाकाच्या टोकाला टेकले आणि पान मधोमध ठेवून त्यांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.